प्रिंटमधला भगवा विटकरी का होतो? शाई बदलण्याआधी हे तपासा

गणपतीचे दिवस जवळ आले की मुंबईतल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात एक तक्रार हमखास ऐकू येते: भगवा भगवा येत नाही. मंडळाच्या पोरांनी मोबाइलवर पत्रिका बनवलेली असते. स्क्रीनवर ती झळकत असते, आणि घरच्या इंकटँक प्रिंटरमधून कागद बाहेर पडतो तेव्हा भगव्याचा कधी विटकरी, कधी हळदी पिवळा, तर कधी चक्क गुलाबी झालेला असतो. मग "शाई डुप्लिकेट निघाली" असा निकाल लागतो. टाक्या रिकाम्या करून नवी शाई भरली जाते, लागोपाठ हेड क्लीनिंग (कागदावर शाई फेकणाऱ्या हेडची सफाई) मारलं जातं, आणि नवरात्रातल्या पत्रिकेला पुन्हा तेच रडगाणं.

माझं दुकान परळला आहे. शाईचा दोष नसतोच असं मी म्हणणार नाही, पण माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रिंटरांत तो क्वचित सापडतो. रंग मुख्यतः तीन ठिकाणी बिघडतो. हेडमधून एखादी शाई पडतच नाही. किंवा सगळ्या शाया नीट पडतात, पण कागद एक आणि सेटिंग दुसरंच. किंवा मागितलेला रंग त्या चार शायांतून निघण्यासारखाच नसतो. या तिघांचे उपाय पूर्ण वेगळे. सेटिंगच्या घोळावर हेड क्लीनिंग मारलं तर शाई गटारात जाते, आणि नोझल (हेडमधलं शाईचं बारीक छिद्र) बंद असताना सेटिंग बदलत बसलात तर रात्र वाया जाते. म्हणून आधी रोग ओळखायचा. बरं, तो भगव्याकडे नुसतं बघूनही बराचसा ओळखता येतो.

भगवा बनतो कशाचा

प्रिंटरच्या टाक्यांत भगवी शाई नसते. सियान (आकाशी निळी), मॅजेंटा (गर्द गुलाबी), पिवळी आणि काळी, एवढ्यावर सगळा कारभार. पांढरा कागद त्याच्यावर पडणारा लाल, हिरवा, निळा असा सगळा प्रकाश परत पाठवतो. शाईचं काम त्यातला काही भाग गिळून टाकणं. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, मॅजेंटा हिरवा गिळते, सियान लाल गिळते. भगव्यासाठी निळा जवळजवळ सगळा काढायचा, हिरवा निम्मा काढायचा आणि लालला हात लावायचा नाही. म्हणजे पिवळी भरपूर, मॅजेंटा साधारण निम्मी, सियान आणि काळी जवळपास शून्य. चित्रकलेच्या तासाला आपण लाल आणि पिवळा मिसळून नारिंगी केला होता. इथे तो लालसुद्धा मॅजेंटा आणि पिवळ्याचाच बनलेला असतो.

आता "निम्मी मॅजेंटा" हा प्रकार नीट समजून घ्या, कारण अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच आहे. प्रिंटर शाईत पाणी घालून ती फिकी करू शकत नाही. एका ठिकाणी थेंब टाकायचा किंवा नाही टाकायचा, फार तर काही हेडना लहान-मोठे थेंब टाकता येतात. निम्मी म्हणजे जागेच्या निम्म्या भागावर मॅजेंटाचे ठिपके आणि उरलेल्या भागात खालचा पिवळा तसाच. घरच्या प्रिंटरचा लहानात लहान थेंब काही पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोलिटर. इतके बारीक ठिपके डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, म्हणून मेंदू त्यांचा एकच रंग करून टाकतो. भिंग असेल तर छापलेल्या भगव्यावर धरा. भगवा कुठेच दिसणार नाही, पिवळ्यावर शिंपडलेले गुलाबी-लाल ठिपके दिसतील. फोटोसाठी बनवलेल्या सहा रंगांच्या प्रिंटरांत, उदाहरणार्थ एप्सनच्या एल८०५ मध्ये, फिकी सियान आणि फिकी मॅजेंटा अशा दोन जादा टाक्या असतात त्या याचसाठी. चेहऱ्यावरच्या हलक्या छटांमध्ये गडद ठिपके विरळ पडले की ते दाणेदार दिसतात. फिक्या शाईचे ठिपके दाट टाकता येतात आणि दाणा दिसत नाही.

आता निदान.

भगवा हळदी पिवळा आला तर मॅजेंटा पडत नाही. गुलाबी किंवा राणी रंगाकडे गेला तर पिवळी पडत नाही. या दोन्ही वेळी थेट हेडकडे जा, सेटिंगकडे बघूही नका. रंगाची जात तीच आहे पण एकूणच उतरलेला दिसतोय, तर बहुधा ड्राफ्ट मोड (कमी शाईची घाईची छपाई) चालू आहे किंवा कागद शाई पिऊन टाकतोय. आणि विटकरी, तपकिरी, मळकट असा आला तर नोझल उघडी आहेत, उलट जिथे यायला नको तिथे सियान किंवा काळी घुसली आहे. हा प्रश्न फाइलचा, कागदाचा किंवा ड्रायव्हरचा, म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. थोडीशी सियानसुद्धा भगव्याला मळवते, कारण ती नेमका तो लाल प्रकाश गिळते ज्याच्यावर भगवा उभा असतो.

पासपोर्ट फोटोलाही हाच नियम. चेहरा हिरवट म्हणजे मॅजेंटा गेली, तांबूस-लाल म्हणजे सियान गेली, निळसर-जांभळट म्हणजे पिवळी गेली. काळी गेली असेल तर चेहरा ठीक दिसतो पण केस आणि कोट धुरकट येतात.

आधी नोझल चेक

प्रिंटरच्या मेंटेनन्स मेनूत नोझल चेक असतं. साध्या कागदावर काढा. त्याला लागणारी शाई नगण्य असते. चार रंगांच्या बारीक रेघांची जाळी छापून येते. जिथे रेघ तुटली तिथलं नोझल बंद. इथपर्यंत सगळे येतात. पुढे चुकतं ते पिवळ्यापाशी. पांढऱ्या कागदावर पिवळी रेघ, तीही ट्यूबलाइटखाली. तुटली आहे की अखंड हे धड दिसतच नाही, आणि माणूस "पिवळा ओके" म्हणून मोकळा होतो. भगव्यात तर पिवळीच सगळ्यात जास्त लागते.

यावर एक साधी युक्ती. मोबाइलवर गर्द निळ्या रंगाचं कोरं चित्र उघडा, ब्राइटनेस पूर्ण करा, खोलीतला दिवा घालवा आणि त्या निळ्या उजेडात कागद बघा. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते, त्यामुळे तिच्या रेघा जवळजवळ काळ्या दिसतात आणि तुटलेली जागा लगेच डोळ्यात भरते.

रेघा तुटलेल्या असतील तर हेड क्लीनिंग एकदा, आणि लगेच पुन्हा नोझल चेक. सुधारणा दिसली तर आणखी एकदा. तीन वेळा होऊनही फरक नसेल तर थांबा. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद करा, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा चेक काढा. नळीत किंवा हेडमध्ये हवेचे बुडबुडे अडकले असतील तर ते शांत बसल्यावर निघून जातात. वरचेवर क्लीनिंग मारलं तर उलट हवा आत खेचली जाण्याचा धोका असतो. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली गेलेली असताना छापत राहिलात तरी नळीत हवाच जाते. तेव्हा चेक काढण्याआधी टाक्यांकडे एक नजर टाका. हसू नका, निम्मे लोक टाक्या बघतच नाहीत.

क्लीनिंगमध्ये शाई जाते कुठे, हा प्रश्न फार थोडे विचारतात. हेड त्याच्या जागेवर एका रबरी टोपीवर बसतं, खालचा पंप शाई ओढून घेतो आणि ती प्रिंटरच्या पोटातल्या शोषक पॅडमध्ये जाते. प्रिंटर त्याचा हिशेब ठेवतो. ठरावीक मर्यादा भरली की पॅड बदलायचा संदेश येतो आणि प्रिंटर छापायचं थांबवतो. चिडून एका संध्याकाळी दहा वेळा क्लीनिंग मारणारा माणूस तो दिवस स्वतःच जवळ आणत असतो. तीच टोपी वाळलेल्या शाईने माखलेली असेल तर हेडवर घट्ट बसत नाही, पंप नुसती हवा ओढतो आणि क्लीनिंगचा काही उपयोग होत नाही. हेड बाजूला सरकलेलं असताना, प्लग काढून, धागे न सुटणाऱ्या कपड्याचा तुकडा डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून टोपीची कड हलक्या हाताने पुसा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार तिथेच बसतात. हेडला खालून पिन, सुई, टूथब्रश यांपैकी काहीही लावू नका.

एकच रंग अर्धवट बंद असेल तर सगळ्या रंगांची क्लीनिंग करण्यापेक्षा त्या रंगाचं पान भरून काढणं स्वस्त पडतं. पेंट किंवा वर्डमध्ये पूर्ण पानाचा चौकोन काढा आणि आरजीबी मूल्यं (लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे) द्या: मॅजेंटासाठी २५५, ०, २५५, पिवळ्यासाठी २५५, २५५, ०, सियानसाठी ०, २५५, २५५. प्रिंटर यात बहुतेक तीच शाई वापरतो. पान जसजसं खाली सरकतं तसतसे पट्टे कमी होत गेले तर नोझल उघडतंय. उलट पान सुरुवातीला भरगच्च आणि खाली येईपर्यंत फिकट होत गेलं, तर हेडला शाई पुरेशी पोचत नाही: नळीत हवा, किंवा टाकीचा हवेचा मार्ग बंद. काही मॉडेलमध्ये वाहतुकीसाठी शाई बंद करण्याची खटकी असते; घर बदललं तेव्हा ती फिरवली आणि परत उघडलीच नाही, असाही प्रिंटर दुकानात येतो.

नोझल बंद पडतातच का? मुंबईत दमट हवा, शाई वाळायला नको असं वाटतं. पण शाई वाळते ती हेड उघडं राहिल्यावर, आणि आपल्याकडे ते उघडं राहण्याचं मुख्य कारण म्हणजे भिंतीवरचा स्विच. शटर ओढायच्या वेळी मेन बंद, घरी रात्री बोर्ड बंद. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला तर हेड जागेवर जाऊन टोपीवर बसतं. छापताना किंवा कागद अडकलेला असताना थेट वीज तोडली तर हेड अध्येमध्ये उघडं राहतं आणि आधी त्याच्या तोंडावरची शाई घट्ट होते. शिवाय पुन्हा चालू करताना बरेच प्रिंटर स्वतःहून साफसफाई करतात, म्हणजे पुन्हा शाई पॅडमध्ये. आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग बोर्ड. मे महिन्यात गावाला जाणार असाल तर जायच्या आदल्या दिवशी एक रंगीत पान काढा आणि आल्याबरोबर दुसरं.

इथे हेडच्या जातीचाही फरक पडतो. एप्सनच्या हेडमध्ये वीज दिली की वाकणारा पिझो घटक शाई ढकलतो. हेड प्रिंटरच्याच आयुष्याएवढं टिकावं अशा बेताने बसवलेलं असतं आणि बदलायचं तर खर्च प्रिंटरच्या किमतीच्या जवळ जातो. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये बारीकसा हीटर शाई क्षणार्धात तापवतो, वाफेचा बुडबुडा होतो आणि तो थेंब बाहेर ढकलतो. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेलं सोल्डरिंग आयर्न शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागलं आणि शाई उडाली. ही कल्पना तिथून आली. एचपीचा थिंकजेट १९८४ मध्ये बाजारात आला तो याच पद्धतीचा. वापरणाऱ्याने लक्षात ठेवायचं ते एवढंच की हीटरवाल्या हेडला शाईच थंड ठेवते. टाकी कोरडी असताना छापलं तर हेड जळू शकतं. दिलासा असा की कॅननच्या जी सिरीजमधलं हेड घरच्या घरी काढून बदलता येतं.

नोझल चेक अखंड आहे, तरी विटकरी

मग कागदाकडे या. दुकानात मिळणारा ७० किंवा ७५ जीएसएमचा (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कॉपियर कागद शाई तंतूंच्या आत ओढून घेतो. शाई जितकी खोल जाते तितका रंग मंद दिसतो. फोटो पेपरवर लेप असतो, तो शाईला वरच धरून ठेवतो, म्हणून तोच भगवा तिथे उजळ येतो. ड्रायव्हरला कागद कोणता ते सांगावं लागतं, कारण प्रत्येक कागदासाठी किती शाई टाकायची आणि कुठला रंग कोणत्या प्रमाणात बनवायचा याचं वेगळं कोष्टक त्याच्याकडे असतं. ग्लॉसी कागद घातला आणि सेटिंग प्लेनवर राहिलं तर प्लेनचं कोष्टक लागू होतं. रंग मळकट, गडद भागात शाई साचलेली. उलटही तसंच: प्लेन कागदावर फोटो पेपरचं सेटिंग दिलं की कागद ओला होऊन लाटा येतात. मोबाइलवरून थेट प्रिंट दिली की कागदाचा प्रकार बऱ्याचदा प्लेनच धरलेला असतो. पत्रिका ग्लॉसीवर काढायची असेल तर लॅपटॉपवरून काढा किंवा अॅपमध्ये तो पर्याय शोधून बदला. आणि फोटो पेपरची उलटी बाजू वर आलेली नाही ना, तेही बघा. त्या बाजूवर शाई थेंबाथेंबांनी उभी राहते आणि बोट लावलं की पसरते.

पावसाळ्याचं वेगळं. बऱ्याच प्रिंटरांच्या पुस्तिकेत २० ते ८० टक्के आर्द्रतेची मर्यादा दिलेली असते, आणि जुलैत मुंबईची हवा त्याच्या वर जायला वेळ लागत नाही. उघड्या रिममधला कागद ओल शोषतो, कडा वळतात, शाई तंतूंतून पसरते. बारीक अक्षरं जाड होतात आणि पिवळ्या-मॅजेंटाच्या कडा एकमेकांत शिरतात. याला हेड क्लीनिंगने काडीचा फरक पडत नाही. रिम त्याच्या वेष्टनात, वर प्लॅस्टिकची पिशवी, लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये. फोटो पेपरचं पाकीट उघडलं की झिपच्या पिशवीत. छापल्यावर लगेच एकावर एक रचू नका, पंख्याखाली मोकळे पसरा. आणि रंगाचा निकाल ओल्या प्रिंटवर देऊ नका. वाळल्यावर छटा थोडी बदलते, चांगल्या फोटो पेपरवर तर दुसऱ्या दिवशी बघावं.

कशाखाली बघताय यालाही महत्त्व आहे. दुकानात थंड पांढरा एलईडी, मंडपात पिवळा दिवा, रस्त्यावर ऊन. शाईच्या मिश्रणाने बनलेला रंग उजेडाप्रमाणे सरकतो, करडे आणि तपकिरी तर सगळ्यात जास्त. गिऱ्हाईक भांडायला लागलं की मी कागद घेऊन दाराशी जातो. दिवसाच्या उजेडात निम्मी भांडणं मिटतात.

काळा जो काळा नसतो

भगव्याच्या बरोबरीने येणारी दुसरी तक्रार: काळ्या-पांढऱ्या फोटोत हिरवी किंवा गुलाबी झाक. वाडवडिलांचे फोटो मोठे करून घ्यायला आलेल्या माणसाला ही झाक फार टोचते.

कागदोपत्री सियान, मॅजेंटा आणि पिवळी समान टाकली की काळा यायला हवा. प्रत्यक्षात शाया तेवढ्या शुद्ध नसतात, त्यामुळे मातकट तपकिरी येतो. म्हणूनच काळी टाकी वेगळी दिलेली असते. पण करड्या छटांसाठी बरेच प्रिंटर काळीबरोबर तीनही रंग वापरतात, नाहीतर उजळ भागात काळे ठिपके वाळूसारखे दिसतात. त्या तिघांतली एक जरी किंचित कमी पडली तर करड्याला लगेच झाक येते. भगव्यात मॅजेंटा पाच टक्के कमी आली तर कुणाला कळणारही नाही. करड्यात ती पहिल्या नजरेत दिसते. त्यामुळे हेड नीट चाललंय का हे बघायचं असेल तर रंगीत फोटोपेक्षा मधल्या करड्या रंगाचा चौकोन छापून बघणं जास्त खरं.

कॅननच्या जी सिरीजमध्ये आणि एचपीच्या बऱ्याच टँक प्रिंटरांत काळी शाई पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात. डाय म्हणजे द्रवात पूर्ण विरघळलेला रंग. पिगमेंट म्हणजे द्रवात तरंगणारे अतिबारीक कण. साध्या कागदावर पिगमेंट काळी अक्षरं कोरल्यासारखी काढते, पण ग्लॉसी लेपात ती नीट मुरत नाही. म्हणून ग्लॉसी सेटिंग दिलं की असे प्रिंटर काळी बाजूला ठेवतात आणि काळा रंग बाकीच्या तिघांतूनच बनवतात. "काळी टाकी भरलेली आहे, मग केस तपकिरी का?" याचं उत्तर हे. मॅट कागद घेतलात तर काही मॉडेलमध्ये काळी परत कामाला येते. एप्सनच्या ००३ शाईवर चालणाऱ्या प्रिंटरांत चारही शाया डायच्या, त्यामुळे तिथे हा प्रश्न वेगळा. तिथली काळी अक्षरं पावसात भिजली की ओघळतात. वर्गणीच्या पावत्या अशा प्रिंटरवर काढून भर पावसात फिरणार असाल तर विचार करा. आपल्या प्रिंटरची काळी कुठली हे तपासायला वाळलेल्या अक्षरांवर पाण्याचा थेंब टाका. पसरली तर डाय.

मागणीच चुकीची असेल तर

हेड ठीक, कागद ठीक, सेटिंग ठीक, आणि तरीही स्क्रीनवरचा भगवा कागदावर उतरत नाही. इथे प्रिंटरला बोल लावून उपयोग नाही. स्क्रीन स्वतः प्रकाश फेकते, कागद फक्त पडलेला परत करतो. आरजीबीत २५५, १०२, ० असा भगवा मोबाइलवर पेटल्यासारखा दिसतो; साध्या कागदावर चार शायांत तो तसा येत नाही. ड्रायव्हर मग त्याला जवळात जवळचा रंग शोधतो आणि तिथे तो विटकरीकडे झुकू शकतो. त्यापेक्षा फाइलमध्येच भगवा जरा पिवळ्याकडे सरकवा, २५५, १५३, ५१ च्या आसपास नेऊन बघा. स्क्रीनवर तो फिका वाटेल, कागदावर जास्त भगवा दिसेल. आम्ही एकाच कागदावर पाच-सहा छटांचे चौकोन काढतो, खाली आकडे लिहितो, आणि गिऱ्हाइकाला कागदावरूनच निवडायला सांगतो. स्क्रीन दाखवायचीच नाही.

निळ्याचं दुखणं याचंच भावंड. गर्द निळा मागितला की जांभळा येतो, कारण निळा सियान आणि मॅजेंटातून बनतो आणि त्या दोघी सारख्याच प्रमाणात पडल्या की रंग जांभळ्याकडेच कलतो. फाइलमध्ये हिरव्याचा आकडा थोडा वाढवलात की मॅजेंटा कमी पडते आणि निळा ताळ्यावर येतो.

आणखी दोन घोळ नेहमीचे. पहिला: फोटोशॉपमधून छापताना रंगांचं व्यवस्थापन फोटोशॉपकडेही आणि ड्रायव्हरकडेही चालू. दोघंही दुरुस्ती करतात आणि प्रिंट लालसर-गुलाबी होते. एकाकडे ठेवा, दुसऱ्याकडचं बंद करा. ड्रायव्हरमधलं फोटो सुधारणारं ऑटो करेक्शन किंवा व्हिव्हिडसुद्धा परीक्षेपुरतं बंद. दुसरा: ऑफसेटवाल्याकडून (मोठ्या छापखान्यातून) मिळालेली सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या प्रमाणात रंग लिहिलेली, फाइल तशीच घरच्या प्रिंटरला देणं. नावात चार शाया आहेत म्हणून ती जास्त बरोबर छापली जाईल असं वाटतं. पण घरचे ड्रायव्हर बहुतेक आरजीबीच मागतात. ती फाइल आधी आरजीबी होते, मग पुन्हा शायांत, आणि या दोन उड्यांत रंग मरतो. डिझाइन करणाऱ्याकडून एसआरजीबीतली (आरजीबीचाच सर्रास चालणारा प्रकार) पीडीएफ किंवा जेपेग मागा.

ज्यांना ठरलेलाच भगवा हवा, तसूभर फरक नको, त्यांनी ऑफसेटवर जाऊन त्या रंगाची तयार शाई वेगळी लावून घ्यावी. जुना मार्ग तोच. राजा रवि वर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तिथल्या देवादिकांच्या चित्रांना एकेका रंगाच्या छटेसाठी छपाईचा वेगळा दगड वापरत (चित्र दगडावर काढून त्यावरून कागदावर छापत). रंग यंत्राने कागदावर जुळवायचा नव्हता, कारागिराने आधीच घोटून ठेवलेला असे. चार टाक्यांचा प्रिंटर त्या जागी बसवता येत नाही. त्याच कारणाने फ्लेक्सवरचा भगवा आणि पत्रिकेवरचा भगवा जुळवायचा हट्टही सोडा. शाई वेगळी, माल वेगळा, यंत्राचं कोष्टक वेगळं.

शाई खरंच दोषी असते तेव्हा

लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनच्या बाजूला, कुठल्याही प्रिंटरची रिफिल शाई मिळते. ती सगळी टाकाऊ असते असं नाही. पण ड्रायव्हरमधली कोष्टकं कंपनीच्या शाईवर बेतलेली असतात. रिफिलची मॅजेंटा जरा तांबडी असली, तर नोझल चेक अखंड, सेटिंग बरोबर, आणि तरी प्रत्येक चेहरा व भगवा एकाच दिशेने सरकलेला. प्रत्येक प्रिंटमध्ये, प्रत्येक कागदावर, नेहमी तीच झाक: शाईवर संशय घ्यायचा तो या लक्षणावर. बंद नोझलचं दुखणं कमीजास्त होतं, शाईचं तसं होत नाही.

अर्धी टाकी एका कंपनीची, वर दुसरीची, हे टाळा. त्यातून डायच्या टाकीत पिगमेंट ओतली तर कण गुठळ्या धरू शकतात आणि मग हेड वाचणं कठीण. चुकून पिवळ्या टाकीत दुसरा रंग पडला असेल तर छापू नका, क्लीनिंगही नको. ती शाई नळीत खेचली जाईल. प्रिंटर न हलवता सिरिंजने टाकी उपसून मेकॅनिकला बोलवा. बाटल्यांवरची तारीखही बघा, आणि वर्षभर माळ्यावर पडलेली उघडी बाटली वापरू नका.

मेकॅनिकला बोलावताना एका पाकिटात तीन कागद ठेवा: आजचा नोझल चेक, वर सांगितलेले आरजीबी चौकोन आणि एक करडा चौकोन, तिन्ही एकाच प्रकारच्या कागदावर काढलेले, मागे तारीख, कागदाचं सेटिंग आणि किती वेळा क्लीनिंग मारलं ते लिहून. एक जुना, सगळं नीट चालत असतानाचा नोझल चेक जपून ठेवलेला असेल तर तोही द्या. हे कागद समोर असले की पहिल्याच फेरीत हेड बदला म्हणणाऱ्याला ते का बदलायचं, हे त्याच रेघांवर बोट ठेवून विचारता येतं.